टिळकवाडीच्या परसातले पाहुणे

बेळगावात मृगाची रिपरिप सुरू होण्याआधी मी परसातल्या पेरूच्या फांदीला नारळाची करवंटी टांगली आणि तिच्यात खानापूरच्या तांदळाची कणी व थोडे राळे घातले. चिमण्या लगेच आल्या. नराचे राखी डोके व गळ्यावरचा काळा डाग पाहिला की ओळख पटते. बुलबुलांनी मात्र दाण्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही, म्हणून पिकलेल्या पपईची फोड ठेवली. इथे येणाऱ्या बुलबुलांच्या दोन्ही जातींच्या शेपटीखाली लाल रंग असल्याने माझी बरेच दिवस फसगत होत होती. पण ताठ टोकदार तुरा, पांढरे पोट आणि गालावर लाल ठिपका असेल तर तो शिपाई बुलबुल, आणि काळसर डोके, खवल्यांसारखी तपकिरी छाती व उडताना दिसणारी पांढरी कंबर असेल तर लालबुड्या. शिपायाच्या पिल्लांना गालावरचा ठिपका नसतो, हे ध्यानात ठेवावे.

भिजलेली कणी आंबते व बुरशी धरते, त्यामुळे पावसाळ्यात करवंटी रोज धुतो. खारट फरसाण किंवा शिळी पोळी मी घालत नाही, शेजाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी. उन्हाळ्यात दाण्यापेक्षा उथळ मातीच्या परळातल्या पाण्यावरच अधिक गर्दी होते, आणि तिथे साळुंकीची दादागिरी चालते.