तुम्ही विचारलंत म्हणून: घरून भाजणी विकायची तर

गणपती झाले की हा प्रश्न हमखास येतो: "माझ्या चकलीच्या भाजणीचं सगळे कौतुक करतात. विकायला सुरुवात कशी करू?"

पहिल्यांदा वाटी बाजूला ठेवा आणि वजनकाटा आणा. वाटीचं माप घरापुरतं ठीक. गिऱ्हाईकाला मात्र दुसऱ्या खेपेलाही तीच भाजणी हवी असते. १ किलो तांदूळ, ५०० ग्रॅम हरभरा डाळ, २५० ग्रॅम उडीद डाळ, १२५ ग्रॅम मूग डाळ, १०० ग्रॅम पोहे, ५० ग्रॅम धणे आणि २५ ग्रॅम जिरे. एवढ्याची साधारण २ किलो भाजणी होते. थोडं वजन भाजताना आणि गिरणीत जातंच, म्हणून हिशोब दळून आलेल्या पिठावर करा.

तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत, पंख्याखाली खडखडीत वाळवा. पावसाळी हवेत एक दिवस पुरत नाही. तांदूळ दाताखाली कटकन तुटला पाहिजे. मग जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. थालीपिठाची भाजणी खमंग, लालसर भाजतात, चकलीची नाही. तांदूळ पांढराशुभ्र आणि हलका झाला की उतरवा. जास्त भाजला तर पिठाचा चिकटपणा जातो, चकली पाडताना तुटते, आणि दोष तुमच्या पाकिटाला लागतो.

गरम धान्य गिरणीत नेऊ नका. गव्हाच्या पाठोपाठही दळू नका, कारण जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ भाजणीत येतं. गिरणीवाल्याला तांदळानंतर किंवा हरभरा डाळीनंतर नंबर लावायला सांगा. दळून आलेलं पीठ कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट पीठ पाकिटात भरलं तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात, मग बुरशी.

आता भाव. इथेच बहुतेक जणी स्वतःला फसवतात. समजा २ किलोंचा माल १६५ रुपयांचा, दळणाचे २०, गॅसचे २०, अर्धा किलोची चार पाकिटं आणि लेबलं २४. झाले २२९. पण निवडणं, धुणं, भाजणं, चाळणं, भरणं यांत तुमचे तीन तास गेले. तासाला ८० रुपये धरले तरी २४० होतात. म्हणजे किलोमागे खर्चच जवळजवळ २३५. "घरचंच काम आहे" म्हणून मजुरी सोडलीत तर मोठी ऑर्डर आल्यावर मदतीला बाई ठेवणं परवडणार नाही. दुकानात ठेवणार असाल तर दुकानदाराचं कमिशन याच्यावर धरा.

विकण्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करा. ती त्यांच्या फॉस्कॉस (FoSCoS) या ऑनलाइन पोर्टलवर होते. मिळालेला १४ अंकी क्रमांक लेबलवर छापा. सोबत घटक (जास्त वजनाचा आधी), निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची तारीख, पत्ता, किंमत आणि हिरवा शाकाहारी ठिपका.

कृतीची चिठ्ठी मात्र प्रत्येक पाकिटात हवीच: १ वाटी भाजणीला १ मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते. तेल फार तापलेलं असेल तर वरून लाल आणि आत मऊ राहते. ही चिठ्ठी नसेल तर दिवाळीच्या आठवड्यात फोन थांबत नाहीत.

टिकाऊपणाची तारीख अंदाजाने लिहू नका. प्रत्येक बॅचची तीन-चार छोटी पाकिटं स्वतःकडे ठेवा, दर पंधरा दिवसांनी एक फोडा, वास घ्या, चार चकल्या तळून पाहा. खवट वास कधी येतो ते कळलं की त्याच्या बरीच आधीची तारीख छापा. म्हणूनच दिवाळीसाठी पहिली बॅच श्रावणातच करायला हवी.