वर्गणी कशासाठी?

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाची स्मरणिका काढायचे ठरले आणि जुनी दप्तरे चाळण्याचे काम, निवृत्त माणूस नाही म्हणत नाही या न्यायाने, माझ्याकडे आले. रामबागेत एका माजी चिटणिसांच्या माळ्यावर तीन खतावण्या सापडल्या. लाल कापडी बांधणीच्या, कसरीने कडा खाल्लेल्या या वह्यांत मांडवाचा खर्च आहे, गणेशमूर्तीचा आहे, कीर्तनकारांची बिदागी आहे आणि वाचनालयात येणाऱ्या मासिकांची वर्गणीही आहे. एकाच वहीच्या शेवटी मात्र ‘अडचणीतील सभासदांस साहाय्य’ असा मथळा असलेले एक पान आहे. त्याखाली अवघ्या चार नोंदी आहेत आणि त्यांतली तिसरी अशी: ‘अंत्यविधीस, लाकडे व हातगाडी, रु. 14’. त्यापुढे पान कोरे आहे.

ते पान पाहिले आणि मला कलकत्त्याची आठवण झाली. बँकेच्या नोकरीत दोन वर्षे मी तिथे होतो आणि रविवारी सकाळी तिरेट्टा बाजारात चिनी न्याहारीसाठी जात असे. तिथल्या चिनी संघटनांच्या मंदिरांना आसपासचे लोक सरसकट ‘चर्च’ म्हणतात, हे ऐकून प्रथम मी चक्रावलोच होतो. त्यांपैकी ‘सी इप’ हे 1905 सालचे. या नावाचा अर्थ ‘चार तालुके’. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातल्या चार शेजारी तालुक्यांतून आलेल्या लोकांची ही जागा. हेच नाव थोड्या फरकाने मुंबईत माझगावच्या ‘सी यप कून’ या छोट्या मंदिरावर आहे आणि मेलबर्नमधल्या एका मोठ्या मंदिरावरही आहे. चार तालुक्यांचे लोक जिथे जिथे गेले, तिथे तिथे आधी त्यांनी हे उभे केले. खाली बसायची जागा, वर देवघर, भिंतीवर देणगीदारांची नावे, असा तो मामला होता. देव हवा होताच, पण वर्गणी केवळ देवासाठी नव्हती.

बोटीतून उतरलेल्या माणसाला पहिल्या रात्री अंथरूण कोण देणार, काम कोण लावून देणार, निरक्षर मजुराचे पत्र कोण लिहिणार आणि दोघांत जुंपली तर, परक्या न्यायालयात भाषाही कळत नसताना, निवाडा कोण करणार, ही कामे या संघटनांची असत. बँक चिनी माणसाला उभे करत नसे, तेव्हा भांडवल उभे राही ते ‘हुई’तून. ‘हुई’ म्हणजे आपली भिशीच. आणि सगळ्यांत मोठे काम मेलेल्यांचे होते. परदेशात पुरलेल्या माणसाच्या अस्थी काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून, नाव लिहून गावी पोहोचवायच्या, कारण गावाबाहेर राहिलेल्या पितराला पाणी कोण देणार? हे आपल्याला समजावून सांगावे लागू नये. न्यूझीलंडमधल्या ‘चिओंग सिंग टोंग’ या संस्थेने 1902 साली 499 जणांचे अवशेष ‘व्हेंटनर’ नावाच्या जहाजावर चढवले. संस्थेचे धुरीण, व्यापारी चोई स्यू होय, आदल्या वर्षी वारले होते. त्यांची शवपेटीही त्याच जहाजात होती. ऑक्टोबरच्या अखेरीस ते जहाज न्यूझीलंडच्याच उत्तरेकडील होकिआंगाजवळ बुडाले. जे अवशेष किनाऱ्याला लागले ते तिथल्या माओरी लोकांनी आपल्या भूमीत पुरले आणि त्यांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या राखली.

या संघटनांना संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ‘सहा कंपन्या’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनांनी बोट कंपन्यांशी असे ठरवून घेतले होते की, देणी फेडल्याचा संघटनेचा दाखला असल्याशिवाय चिनी माणसाला परतीचे तिकीट मिळू नये. आधार देणारा हात मनगटही धरून ठेवतो, तो असा. पुढे अमेरिकेच्या 1892 च्या गिअरी कायद्याने चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला सक्तीचा केला, तेव्हा याच संघटनांनी नोंदणी करू नका असे बजावले आणि माणशी एक डॉलर गोळा करून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. 1893 साली त्या हरल्या. ज्यांनी त्यांचे ऐकले होते, त्यांच्यावर हद्दपारीची तलवार लटकली. अमेरिकी संसदेने नोंदणीची मुदत वाढवली म्हणून निभावले. भारतात 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी सुमारे तीन हजार चिनी लोकांना, मुख्यतः आसाम आणि ईशान्येकडच्या भागांतून, राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेऊन ठेवले, तेव्हा तर इथल्या संघटनांचे काहीच चालले नाही.

सरकार, बँका आणि इस्पितळे ही कामे करू लागली तशी अनेक ठिकाणी संघटनांपाशी सण आणि शिष्यवृत्त्या तेवढ्या उरल्या. सिंगापुरात 1986 साली त्यांचा महासंघ स्थापन झाला, त्यामागे तरुण येईनासे झाल्याची चिंता होती. रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही: 2023 साली न्यूयॉर्कमध्ये अशाच एका गावकरी मंडळाच्या कार्यालयातून चिनी पोलिसांचे ठाणे चालवल्याच्या आरोपावरून दोघांना अटक झाली.

आता आमच्याकडे वळतो. होळकरांच्या राज्यात मराठी माणूस इंदुरात आला तो फडणीस, कारकून, शिलेदार, मास्तर म्हणून. राजवाड्यातली भाषा त्याचीच होती. पहिल्या रात्रीच्या अंथरुणाची चिंता त्याला सहसा पडली नाही, म्हणून आमची मंडळे थेट गणपती आणि साहित्यापासून सुरू झाली, असे माझे मत आहे. ते चार नोंदींचे पान त्यामुळेच चार नोंदींवर थांबले असावे.

गेल्या गणेशोत्सवात अमळनेरचा एक मुलगा मांडवात आला होता. नुकताच नोकरीला लागला होता आणि महिनाभरासाठी खोली कुणी देईल का, एवढेच विचारत होता. आमच्या कार्यकर्त्याने त्याच्याकडून 101 रुपये घेऊन पावती फाडली, प्रसाद हातावर ठेवला आणि कार्यक्रमपत्रिका दिली. मी शेजारीच बसलो होतो आणि मीही काही बोललो नाही, हे इथे लिहिलेच पाहिजे. नंतरच्या बैठकीत साहाय्याचे खाते पुन्हा उघडावे, असा ठराव मी मांडला. ते कोणत्या सदराखाली दाखवायचे, असे कोषाध्यक्षांनी विचारले आणि विषय चहावर संपला.

खतावणीतल्या त्या पानाचा फोटो मी स्मरणिकेसाठी दिला आहे. त्या जागी अर्ध्या पानाची जाहिरात येण्याची शक्यता असल्यामुळे तो सध्या विचाराधीन आहे.