पाच मीटर मँगनीज आणि एक मीटर उंची

भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या बाजूला मँगनीज आहे, हे सांगायला कुठल्या यंत्राची गरज नाही. चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी इंग्रजांच्या काळापासूनच्या. प्रश्न असतो तो धानाच्या बांध्यांखाली, म्हणजे बांध घातलेल्या शेतांखाली, झाकलेल्या भागाचा. टेकडीवर दिसणारा थर मातीखाली पुढे किती जातो, आणि किती खोल? त्यासाठी तिथे गुरुत्व आणि चुंबकीय सर्वेक्षण करायचं होतं. एम.एस्सी. नंतरचं माझं पहिलं मोठं काम. असं काम आणखी कोणाच्या वाट्याला आलं तर उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

मँगनीजचं खनिज जड, घनता ४ च्या वर (पाण्याची १). आजूबाजूचा अभ्रकी शिस्ट हा पापुद्र्यांचा खडक २.७ च्या आसपास. जड थरावर गुरुत्व किंचित वाढतं. किंचित म्हणजे किती, हे निघण्याआधीच कागदावर काढून पाहिलं. ५ मीटर जाडीचा उभा थर, माथा १० मीटर खोल, तळ १०० मीटर, घनतेतला फरक १.३ धरला, तर वाढ येते ०.२ मिलिगॅल (गुरुत्व मोजायचं एकक). आपल्याकडचं एकूण गुरुत्व सुमारे ९ लाख ७८ हजार मिलिगॅल, त्यातले हे ०.२! आणि चढावर एक मीटर वर गेलं की, मधल्या खडकाची ओढ जमेस धरूनही, गुरुत्व जवळपास तेवढंच कमी होतं. म्हणजे उंची मोजताना मीटरभर इकडचं तिकडे झालं, की नसलेला थर नकाशावर उमटणार किंवा असलेला पुसला जाणार. पुढचे सगळे कष्ट या एका हिशेबापोटी होते.

कारण बांध्या सपाट दिसतात, पण नसतात. एका बांधीतून धुरा (मधला बांध) ओलांडून दुसरीत उतरलं की फूटभर फरक पडतो. प्रत्येक बिंदूची उंची डीजीपीएसने, म्हणजे जास्त अचूक जीपीएसने, घेत होतो. मोहाच्या झाडांखाली उपग्रह नीट मिळत नाहीत, तिथे ऑटो लेव्हलची दुर्बीण आणि आकडे लिहिलेली उभी पट्टी. गुरुत्वाचं रीडिंग मिनिटाभरात होतं, उंचीला त्याहून जास्त वेळ जातो. बरोबरची माणसं कंटाळतात, घाई करतात. तरी इथे वेळ द्यायलाच हवा, याबाबत माझं मत पक्कं आहे.

गुरुत्व मोजायचं यंत्र, ग्रॅव्हीमीटर, होता सिंट्रेक्सचा सीजी-५, बॅटऱ्यांसकट ८ किलोचा. आत क्वार्ट्झची स्प्रिंग, आणि तिचं तापमान कायम एकसारखं राहावं लागतं, म्हणून यंत्र रात्रीसुद्धा चालूच. गावात लाइट गेली की आधी त्याची बॅटरी बघायची, मग जेवण. रीडिंग घेताना तिपाई घट्ट जमिनीवर रोवायची, ती समतल करायची, बटण दाबायचं आणि दोन पावलं मागे सरून उभं राहायचं. वारा असेल तर छत्री आडवी धरायची. शेजारून ट्रॅक्टर गेला तर आकडा थरथरतो, तो जाईपर्यंत थांबायचं. काही वेळाने परत बेस स्टेशनवर, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या बिंदूवर, येऊन तेच रीडिंग पुन्हा, कारण स्प्रिंग हळूहळू सरकत असते आणि तो ड्रिफ्ट वजा करावा लागतो. बेसपासून बेसपर्यंतची फेरी म्हणजे लूप. तो बंद होईना, म्हणजे दोन्ही रीडिंग जुळेनात, तर त्या लूपचं सगळं काम पुन्हा.

चुंबकीय भाग त्या मानाने लवकर झाला. खिशात मोबाइल नको, कमरेला पट्टा नको, केसात पिना नकोत. बोअरवेलच्या केसिंगपासून आणि विजेच्या तारांपासून लांब. रानडुकरांसाठी शेतकऱ्यांनी लावलेली झटका मशीन बंद करायला सांगावी लागायची, आणि रीडिंग झाल्याबरोबर आठवणीने चालू करून द्यायची. हरभरा उभा असतो, तो गेला तर भरून कोण देणार?

रेषा थराला आडव्या, साधारण उत्तर-दक्षिण, म्हणजे कितीतरी जणांच्या शेतांतून. पहिल्याच आठवड्यात एक आजी धुऱ्यावर उभ्या राहिल्या. ‘का मोजून रायले बाई? जमीन जाते का आमची?’ मी ग्रामपंचायतीला दिलेलं पत्र दाखवलं, आज फक्त मोजणार, खोदणार नाही, असं सांगितलं. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही, हेही सांगितलं. ‘काही होणार नाही’ हे वाक्य सर्वेक्षण करणाऱ्याने उच्चारूच नये. ते आपल्या अधिकारात नसतं. आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीच धुऱ्यातले काळे, हाताला जड लागणारे दगड दाखवले. त्यांच्या सासऱ्यांनी विहीर खोदली तेव्हा असेच दगड लागले होते. ती विहीर आमच्या दोन रेषांच्या मधोमध होती. तिथे आम्ही एक जादा रेषा घेतली, बिंदू दहा-दहा मीटरवर.

आकड्यांतल्या सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर त्याच रेषेवर ०.३ मिलिगॅलची ठसठशीत ॲनॉमली, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळी वाढ, आली. माझा आनंद मावेना. पण वरिष्ठांनी लगेच विचारलं, ‘गोंडाइट असेल तर?’ गोंडाइट म्हणजे मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झचा खडक. याच थरांत असतो, शिस्टपेक्षा जड असतो, आणि जाड असला की खनिजासारखीच ॲनॉमली देतो. गुरुत्व फक्त वस्तुमान सांगतं. चुंबकीय नकाशाही तिथे संदिग्ध होता, कारण इथलं खनिज काही ठिकाणी चुंबकाला चांगलं ओढलं जातं, तर काही ठिकाणी जवळपास नाहीच. रेझिस्टिव्हिटी (जमिनीचा विजेला होणारा रोध) मोजून पाहिली, पण बांध्यांतल्या ओल्या चिकणमातीने वरचा भाग सगळीकडे सारखाच दाखवला.

अहवालात मी दोन्ही शक्यता लिहिल्या, आणि थर दक्षिणेला कलतो असं धरून उत्तरेकडे तिरपं बोअर सुचवलं. त्या बोअरमध्ये गोंडाइट बराच लागला आणि त्याच्या पोटात दोन मीटरच्या आसपास खनिज. बोअरमधून निघालेल्या खडकाच्या गाभ्याच्या तुकड्यांची घनता मोजून ती मॉडेलमध्ये घातली तेव्हा ॲनॉमलीचा मोठा वाटा गोंडाइटचाच निघाला. पण पूर्व टोकाला थोडी वाढ तरीही उरत होती. पुढच्या बोअरची शिफारस तिथली केली आहे, आणि ती मंजूर झाली आहे.