आमची वाटचाल: खडूची खूण आणि डिझेलची वही

बारा वर्षांपूर्वी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत अर्धी शेड भाड्याने घेऊन आम्ही काम सुरू केलं. वडील सातपूरला फिटर होते, वेल्डिंग त्यांच्या हाताखालीच शिकलो. पहिली काही वर्षं बोलेरो-पिकअपचे पाटे बदलणं, कॅरिअर बनवणं एवढंच. महिंद्राची थार आपल्या नाशिकातच बनते. २०२० साली नवी थार आली आणि गावात ऑफरोडची हौस वाढली. मोठे टायर, गाडी उंच करणारं लिफ्ट किट, लोखंडी बंपर, अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच. गिऱ्हाईक मागेल ते आम्ही बसवून देत होतो.

एके दिवशी दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार आले. त्यांच्या डिझेल थारला ३३ इंची एमटी (चिखलासाठीचे, खोल खाचांचे) टायर आम्हीच बसवले होते. म्हणाले, "भाऊ, गाडीचा दम गेला. सावळघाटात तिसरा टाकावा लागतो. आणि अ‍ॅव्हरेज १३ वरून साडेदहावर आलं."

या काकांच्या गाडीची स्टेपनी अजून कंपनीचीच होती, २५५/६५ आर १८. ती उतरवली, टायरवर खडूने रेघ मारली, फरशीवर एक फेरा फिरवली आणि टेप लावला. मग नव्या टायरवर रेघ मारून गाडी तशीच एक फेरा ढकलली. फरक जवळजवळ १५ सेंटिमीटरचा, सुमारे ६ टक्के! म्हणजे मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०६ गेलेली असते. साडेदहाचं खरं अ‍ॅव्हरेज सव्वाअकराच्या जवळ निघालं. (वेगळ्या मापाची स्टेपनी लावून फोर बाय फोर टाकू नका, गिअरबॉक्सवर ताण येतो, हेही काकांना तेव्हाच सांगितलं.)

उरलेली घट मात्र खरी होती. चिखलात जायला त्यांनी हवा १८ पीएसआयवर आणली होती आणि त्याच हवेवर आठवडाभर हायवेला गाडी पळवली. मऊ टायर रस्त्याला चिकटून चालतो, डिझेल पितो. वर रिकामं कॅरिअर. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडसर चौपट होतो, म्हणून कॅरिअर आणि लिफ्टचा फटका गावात जाणवत नाही, मुंबईच्या रस्त्याला जाणवतो. हवा भरली, कॅरिअर उतरवलं, टाकी फुल करून पुन्हा मोजलं, अ‍ॅव्हरेज १२ च्या आसपास आलं.

दमाचं कोडं हवेने सुटणारं नव्हतं. इंजिनची ताकद तेवढीच राहते, पण चाक मोठं झालं की जमिनीवर पडणारा जोर त्याच हिशेबाने घटतो, इथे सुमारे ६ टक्के. शिवाय जड चाक फिरवायलाच पिकअप खर्ची पडतो. लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचा सावकाश पण जोरदार गिअर) दगडांवर हे कळत नाही, कळतं ते डांबरी घाटात. खरा इलाज क्राउन-पिनियनचा, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या गिअरचा, रेशो बदलणं, आणि तो खर्च काकांना परवडणारा नव्हता. आधी सांगितलं असतं तर त्यांनी ते टायर घेतलेच नसते. हे आजही मनाला लागतं.

त्यानंतर आम्ही वही ठेवली. काम करण्याआधी टाकी ते टाकी अ‍ॅव्हरेज मोजायचं, बसवणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन काट्यावर करायचं, काम झाल्यावर पुन्हा मोजायचं.

कायदाही नीट वाचला. गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीपासून आहे, बुलगार्डविरुद्ध (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) केंद्राचं पत्र डिसेंबर २०१७ चं, आणि आरसीवरची नोंद कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असे बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ३३ इंची टायर आणि बुलगार्ड आम्ही बंद केलं. कंपनीने मान्य केलेल्या मापातला एटी (रस्ता आणि कच्चा, दोन्हींसाठीचा) टायर सुचवतो. काही गिऱ्हाइकं त्यामुळे दुसरीकडे गेली.

काका अजून येतात. गेल्या हंगामात त्यांच्यासाठी चार नॉबवर उतरणारं अ‍ॅल्युमिनियमचं कॅरिअर बनवलं. क्रेट वाहायचे त्या दिवशी चढवतात, एरवी ते शेडमध्ये भिंतीला टेकवलेलं असतं.