जिथले तिथे

फाल्गुनातल्या एका दुपारी गाडीची मागची सीट उचलून झाडत असताना खालच्या खोबणीत भुईमुगाची एक शेंग सापडली. तीन दाण्यांची, कमरेत दोनदा आवळलेली, आणि टरफलाच्या जाळीत शेतातली माती तशीच धरून बसलेली. दिवाळीपासून ती आमच्याबरोबर सिग्नलला थांबत होती, मंडईत जात होती, एकदा सर्व्हिसिंगलाही जाऊन आली होती, आणि कुणाच्या लक्षात आली नव्हती. हातातला झाडू तसाच ठेवून मी पार्किंगच्या कट्ट्यावर बसले. शेंग कानाशी नेऊन हलवली तर आत दाणे वाजले.

दरवर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही पुण्याहून सावंतवाडीला निघतो. तिथे आमचे जुने घर आहे, आणि त्या घरात आत्या आहे. ऑक्टोबरचे ऊन तोवर दमलेले असते, थंडीने अजून मनावर घेतलेले नसते, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिकांची काढणी चाललेली असते. शरद म्हटला की लिहिणाऱ्यांना चांदणे आठवते. मला रस्त्याच्या कडेला गोणपाटावर मांडलेले ढीग आठवतात. जूनमध्ये पेरलेले सगळे काही या तीन-चार आठवड्यांत एकदम जमिनीबाहेर येते, आणि सुमारे पावणेचारशे किलोमीटरच्या त्या वाटेवर दर दोन तासांनी खाण्याचा पदार्थ बदलतो.

माझ्या लहानपणी गाडी अण्णांची होती, प्रीमियर पद्मिनी, आणि गाडीत नियमही अण्णांचेच होते. त्यांतला पहिला नियम असा की वाटेत जे मिळेल ते जिथले तिथे खायचे आणि पुढे न्यायचे नाही. आई निघताना चार कापडी पिशव्या घडी करून पर्समध्ये ठेवत असे आणि परत येताना त्या चारही पिशव्यांच्या घड्या तशाच असत. “एवढे स्वस्त मिळते आहे तर दोन किलो घेऊ या,” असे ती म्हणाली की अण्णा इंजिन सुरू करत. हा कंजूषपणा नव्हता, कारण थांबण्यासाठी ते पेट्रोल आणि वेळ दोन्ही मुक्तहस्ताने उधळत. सीताफळ खाण्यासाठी ते कात्रजचा सरळ रस्ता सोडून दिवे घाट चढून सासवडला जात आणि नारायणपूरवरून कापूरहोळला पुन्हा हमरस्त्याला लागत. एवढा वळसा घालून आम्ही खायचो ती माणशी दोन सीताफळे.

सीताफळ हे मुळातच प्रवासाला नाखूश असलेले फळ आहे. डोळे उघडून दोन डोळ्यांमधली रेघ पिवळसर दिसू लागली की ते काढतात, आणि मुंबईच्या बाजारात पाठवायचे फळ या अवस्थेत दगडासारखे कडकच भरावे लागते. पिकलेल्या फळाला बोट लावले तरी त्याचे दोन तुकडे होतात. पाटी घेऊन बसलेल्या बाईंपुढे अण्णा उकिडवे बसून “आजचे द्या, उद्याचे नको,” असे सांगत, आणि त्या बाईही कडक फळांच्या खालून, कुणी मागणार नाही म्हणून बाजूला ठेवलेली, देठाशी उकललेली फळे काढून देत. ती आम्ही बांधावर बसून खायचो. बिया तोंडात घोळवून गर सुटा करायचा आणि त्या लांब फेकायच्या, यात माझा भाऊ तरबेज होता. माझ्या बिया मात्र फ्रॉकवरच पडत.

पुढे खंबाटकीचा घाट, सातारा, आणि कराडच्या आसपास शेंगा. त्या काळी रस्ता गावांतून जात असे, त्यामुळे वेल उपटून बांधावर शेंगा तोडत बसलेल्या बायका गाडीतूनच दिसत. आता रस्ता उड्डाणपुलांवरून गावांच्या डोक्यावरून जातो, आणि शेंगा हव्या असतील तर गाव यायच्या आधीच मनाशी ठरवून सेवारस्त्यावर उतरावे लागते. ऐन वेळी थांबण्याची सोय या नव्या रस्त्याने काढून घेतली, ही माझी त्याच्याविषयीची एकमेव आणि न मिटणारी तक्रार आहे. वेळ वाचतो हे मला मान्य आहे, पण त्या वाचलेल्या वेळेत पुढे टोलनाक्यावर उभे राहावे लागते.

शेंगांच्या बाबतीत अण्णा आपला नियम मोडत. मिठात उकडलेल्या ओल्या शेंगा तिथेच संपायच्या, पण वाळवलेल्या शेंगांचा एक मोठा पुडा ते विकत घेत आणि तो कागलपर्यंत न फोडता न्यायचा असे. मागच्या सीटवर तो पुडा माझ्या मांडीवर असायचा. कागलच्या अलीकडे उसातून आत गेलेला एक कच्चा रस्ता होता, आणि त्या रस्त्याच्या शेवटी गुऱ्हाळ.

गुऱ्हाळ डोळ्यांआधी नाकाला सापडते. उकळत्या रसाचा वास, चिपाडाचा धूर आणि मळीचा आंबूस दर्प यांचे मिश्रण उसाच्या फडावरून येते आणि गाडीच्या काचा लावलेल्या असल्या तरी आत शिरते. चरकातून निघालेला हिरवट रस आम्ही आधी तांब्याने प्यायचो. त्यात आले नाही, लिंबू नाही, बर्फ तर नाहीच, आणि तो थोडा कोमट लागे. मग रस आटवायच्या मोठ्या काहिलीजवळ जाऊन उभे राहायचे. खाली खड्ड्यात बसलेला चुलव्या चुलवाणात सुके चिपाड सारत असे. त्याचा चेहरा आम्हांला कधी नीट दिसला नाही, फक्त हात आणि जाळाचा उजेड दिसे. वर गुळव्या. ठेचलेल्या भेंडीच्या खोडाचा बुळबुळीत चीक रसात सोडला की सगळा मळ फेसाबरोबर वर येई आणि तो झाऱ्याने काढून टाकता टाकता रस हिरव्याचा सोनेरी आणि सोनेरीचा तांबूस होई. एक आदण, म्हणजे काहिलीभर रसाचा एक घाणा, उतरायला दोन-अडीच तास सहज लागतात. तेवढा वेळ अण्णा एका बाजेवर बसून राहत, आणि गाडी चालवताना सतत घड्याळ पाहणारा हाच माणूस का, असा प्रश्न आम्हांला पडे.

गुळव्याला घड्याळ लागत नसे. तो बुडबुड्यांकडे बघे. बुडबुडे मोठे, जड आणि आळशी झाले की तो पाकाचा एक थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो का ते पाही, आणि एकदा त्याने हात वर केला की चार माणसे धावत. त्याआधीच थोडा पाक काढून घेतला तर ती काकवी, आणि काही क्षण उशीर झाला तर करपलेला काळा गूळ, एवढेच त्याच्या हातात अंतर. पाक वाफ्यात, म्हणजे तो निववायच्या पसरट हौदात, ओतून घोटायला लागले की तो घट्ट होऊ लागे, मग कापड लावलेल्या साच्यांत भरला जाई, आणि वाफ्याच्या कडेला जे उरे ते आमचे. “घ्या की पाव्हणं, गरम हाय तवर घ्या,” असे म्हणत तो उलथन्याने केळीच्या पानावर गुळाचा गोळा टाकी, आणि तेव्हा कुठे माझ्या मांडीवरचा पुडा फुटे. शेंग फोडायची, दाणे गरम गुळात दाबायचे, आणि बोटे भाजत असतानाच तोंडात टाकायचे. गुळव्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे गोल डाग होते. मी त्यांच्याकडे टक लावून पाहत होते तेव्हा तो म्हणाला, “पाक उडतोय न्हवं. पाणी वघळून जातंय, ह्यो बसतोय.”

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या बाजारात नव्या गुळाचे सौदे मुहूर्ताने निघतात, म्हणून त्या दिवसांत सगळ्यांची घाई असे. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती या गुळाच्या व्यापारासाठी, हे अण्णा दरवर्षी त्याच वळणावर, जणू आम्ही ते प्रथमच ऐकतो आहोत अशा सुरात सांगत. ते बाजेवरून उठत तेव्हा आई आशेने एका ढेपेकडे बघे. अण्णा हात धुऊन गाडीकडे चालू लागत.

येथे एक गोष्ट सांगून टाकते. हमरस्त्यावर आता दर दोन मैलांवर गुळाच्या चहाच्या पाट्या आहेत आणि तो चहा साखरेच्या चहापेक्षा महाग मिळतो. माझ्या आजोळी गुळाचा चहा घरच्यांसाठी असे, आणि पाहुणा आला की डब्याच्या तळाशी जपून ठेवलेली साखर बाहेर निघे. पाहुण्याला गुळाचा चहा देणे ही त्या घरात शरमेची बाब होती. दूध फाटू नये म्हणून आजी गूळ पाण्यात उकळून चहा खाली उतरवी आणि दूध सर्वांत शेवटी घाली. पाटीवरचा चहा मी दरवेळी पिते, दरवेळी तो मला बेताचा वाटतो, आणि आजीची शरम आठवून पैसे देताना थोडे हसू येते.

संकेश्वरवरून गडहिंग्लज आणि मग आजरा लागले की ऊस मागे पडतो आणि भात सुरू होते. आजऱ्याचा घनसाळ आखूड दाण्याचा आणि इतका वासाचा की शिजायच्या आधीच, शेतात उभा असताना, संध्याकाळच्या दमट हवेत त्याचा वास येतो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, मी कॉलेजात असताना, आजऱ्याच्या एका दुकानात मी मोठ्या उत्साहाने नवा घनसाळ मागितला होता, तेव्हा दुकानदारांनी माझ्याकडे दयेने पाहिले. “ताई, नवा नेऊ नका, भात गिच्च होईल. गेल्या सालचा घ्या.” नव्याची एवढी हौस बाळगणाऱ्या माणसाला हे ऐकणे जड जाते. पण ते खरे होते. नवा तांदूळ पाणी धरून असतो. तो पेजेला, घावनांना बरा, भाताला वर्षभर मुरलेलाच हवा. त्याच वाटेवर एकदा कुणीतरी डांबरी रस्त्यावर नाचणीची कणसे पसरून ठेवली होती, जाणाऱ्या गाड्यांनी ती मळून निघावीत म्हणून. अण्णांनी वेग कमी केला, चाके नेमकी कणसांवरून घातली, आणि पलीकडे जाऊन म्हणाले, “झाली आपली मजुरी.”

आंबोलीचा घाट उतरून रात्री घरी पोचायचे. मग नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट नावाचे रानफळ फोडून त्याचे कडू बी जिभेला लावायचे आणि त्यावर पोहे. नव्या भाताचे, तांबूस, थोडे जाड पोहे. नारळाच्या रसातले गोड, दह्यातले, फोडणीचे, आणि शेजारी काळ्या वाटाण्याची उसळ. प्रत्येक घरात जायचे आणि प्रत्येक घरात ते खायचे. आत्या दारात उभी राहून शेजाऱ्यांना बजावी, “पोहे खाल्ल्याशिवाय जावचा नाय.” कारटाचा कडूपणा जिभेवर असताना खाल्लेले गोड पोहे आणि एरवीचे गोड पोहे यांत फार फरक आहे. पुण्यात मी तेच पोहे, तोच नारळ आणून पाहिले आहे. कारीट काही मला मंडईत मिळाले नाही.

आता गाडी माझी आहे आणि मी आईची मुलगी आहे. चार पिशव्यांच्या जागी माझ्याकडे दोन क्रेट आहेत. परतताना डिकी भरून येते: सीताफळे, जी घरी येईपर्यंत एका बाजूने काळी पडतात, रस, जो बाटलीत भरून आणण्याचा मूर्खपणा मी फक्त एकदा केला, काकवी, जिच्या बाटलीने एका वर्षी सातारच्या पुढे आपले झाकण उडवले आणि डिकीच्या गालिच्यावर जो डाग पाडला तो अजून आहे. घरी मांडून बसले की यांतले काहीच तिथल्यासारखे लागत नाही हे मला पुरते ठाऊक आहे. तरी पुढच्या वर्षी मी पुन्हा क्रेट ठेवते.

अण्णा पुढच्या सीटवर असतात. गेली सहा वर्षे त्यांना मधुमेह आहे. गेल्या दिवाळीत कागलजवळ आम्ही आत वळलो. जुने गुऱ्हाळ बंद होऊन तिथे आता नुसती शेड उभी आहे, म्हणून विचारत विचारत दुसरे शोधले. अण्णा गाडीतून उतरले नाहीत. काच खाली करून, हात खिडकीवर टेकून ते अर्धा तास बसून होते. आदण उतरले, मी पानावर गूळ घेतला, शेंगा फोडल्या, आणि त्यांच्यासमोर खायला मला जमेना म्हणून गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. निघताना ते म्हणाले, “एक ढेप घे. घरी असू दे.”

का, ते मी विचारले नाही. ती ढेप स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यात आहे. संक्रांतीला मी तिळगुळासाठी बाजारचा गूळ आणला.

शेंग शेवटी फोडली. दोन दाणे काळे पडले होते. तिसरा खाल्ला; बरा होता.