देखरेखीच्या ड्युटीवर

न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये मी केमिस्ट्री शिकवते. होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या शरद ऋतूतल्या डान्सच्या, शनिवारी मात्र मी शॅपरोन असते, म्हणजे पोरांवर देखरेख करणारी. दाराशी पर्सा तपासायच्या, बाहेरच्या शाळेतून आलेल्या पाहुण्याचा फॉर्म बघायचा, एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घ्यायचं नाही आणि उरलेला वेळ जिममध्ये उभं राहून लक्ष ठेवायचं. प्रॉम हा दुसरा मोठा डान्स असतो वसंतात, बहुतेक ठिकाणी वरच्या दोन वर्गांसाठी. होमकमिंग अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात येतं आणि आमच्याकडे नववीपासूनची सगळी पोरं हजर असतात.

हल्ली डान्सला येशील का हे विचारण्याचंच प्रस्थ माजलंय. पोस्टर रंगवायचं, त्यावर कोटी करायची, कॅफेटेरियात सगळ्यांदेखत ते धरून उभं राहायचं आणि मित्रांनी व्हिडिओ काढायचा. मला हे मुळीच पटत नाही. एवढे फोन रोखलेले असताना ती मुलगी नाही म्हणणार कशी?

यंदा माझ्या अकरावीच्या वर्गातला एक मुलगा बराच वेळ भिंतीला टेकून उभा होता. महाराष्ट्र मंडळाच्या मिरवणुकीत हाच पोरगा लेझीम खेळतो, अख्खा रस्ता बघत असला तरी त्याला काही वाटत नाही. तिथे मी त्याची मावशी असते, शाळेत 'मिस'.

उडत्या गाण्यांना अडचण नसते. पोरी सँडल भिंतीशी फेकून देतात, सगळे गोल करून उड्या मारतात, कोण कोणाबरोबर नाचतंय ते कळतही नाही. डीजेने संथ गाणं लावलं की खरी पंचाईत. निम्म्यांना एकदम तहान लागते.

"मावशी," तो शेजारी येऊन म्हणाला. शाळेत पहिल्यांदाच. "तिला विचारू का?"

'ती' कोण ते मला माहीत होतं. मार्चिंग बँडमध्ये दोघं शेजारी-शेजारी क्लॅरिनेट वाजवतात, डबेसुद्धा एकत्र खातात.

"विचार की."

"नाही म्हणाली आणि मग बोललीच नाही तर?"

"एका गाण्यापुरतं विचार. गाणं संपलं की विषय संपला. आणि मैत्रिणींच्या घोळक्यात नको, ती पाणी घ्यायला आली की विचार."

तो गेला. खरं तर तिकडे बघू नये, पण मला पगारच बघण्याचा! आवाजात ऐकू काहीच आलं नाही. तिने मान हलवली, काहीतरी म्हणाली, डीजेकडे बोट दाखवलं. तो परत आला.

"हे नको म्हणाली. स्लोमध्ये ऑकवर्ड वाटतं. नेक्स्ट फास्टवालं."

मला ते उत्तर फार आवडलं. तिने आपल्याला झेपेल ती अट घातली, त्याने ती ओढून न धरता मान्य केली. पोस्टरपुढे ही घासाघीस झालीच नसती. आता हा होकार की नुसती मैत्री, ते त्या दोघांनाच ठाऊक. कदाचित त्यांनाही नसेल.

पुढचं गाणं लागल्यावर त्याने चक्क लेझीमच्या पावल्या सुरू केल्या, हात रिकामे. ती आधी पोट धरून हसली, मग त्याच्या पायांकडे बघत शिकायला लागली. वाकून उठण्याची पावली तिला दुसऱ्या फेरीत जमली. थोड्या वेळाने बँडची सगळी गँग वाकत-उठत होती आणि ठेका साफ चुकत होता.

सुटल्यावर त्याची आई गाडी घेऊन उभी. काच खाली करून मला विचारते, "काय गं, नाचला का आमचा?"

"त्यालाच विचार," म्हटलं, आणि पुढच्या गाडीला हात केला. पार्किंगची ड्युटीही माझ्याकडेच होती.