पळमुदिरचोलै : आई कार्तिकस्वामीला भेटली

"मी आत आले तर चालेल ना गं?" रांगेत आईनं तिसऱ्यांदा विचारलं. उभा जन्म पुण्यात गेला, पर्वती कितीदा चढली त्याला गणती नाही, पण कार्तिकस्वामीच्या देवळापाशी आली की नजर आपोआप खाली. कृत्तिकेचा योग सोडून बायकांनी त्याचं दर्शन घ्यायचं नाही, ही आजीची शिकवण. आपला कार्तिकेय ब्रह्मचारी. तमिळनाडूत तोच मुरुगन, आणि इथे मात्र वळ्ळी आणि देवसेना, दोन्ही बायकांना शेजारी घेऊन उभा!

मुरुगनच्या सहा मुख्य स्थानांपैकी पळमुदिरचोलै हे एक. मदुरैपासून डोंगराच्या पायथ्याचं अळगर कोविल हे विष्णूचं देऊळ २१ किलोमीटर. शहरातून तिथपर्यंत बस मिळते. पुढे तीन-चार किलोमीटर झाडीतला चढ. आम्ही गाडीनं वर गेलो, कारण आईचे गुडघे. तुमचे धड असतील तर सकाळी चालत जा, सावली चांगली आहे.

वर एक जांभळाचं झाड दाखवतात. उन्हानं दमलेली कवयित्री अव्वैयार झाडाखाली आली, फांदीवर गुराखी पोरगा. "आजी, भाजलेली जांभळं देऊ की न भाजलेली?" तिला प्रश्नच कळेना. त्यानं फांदी हलवली, जांभळं मातीत पडली, ती फुंकर मारून माती उडवू लागली. "का आजी, फार गरम आहेत?" तो पोरगा म्हणजे मुरुगन. पंडितांची फिरकी घेणारा देव मला तरी फार आवडला.

आता माकडं. ती पूजेचं ताट ओळखतात. आईनं पिशवी पदराखाली घेतली होती, तरी एकानं मागून येऊन केळी नेली, नारळ तेवढा आमच्याकडे ठेवला. फुलं-फळं बंद पिशवीत, चष्मा पर्समध्ये आणि हातात खायचं काही नको.

गाभाऱ्यापुढे "अरोहरा!" असा गजर झाला. आईनं आधी डोळे मिटले, मग एक उघडला, मग दोन्ही. पुजाऱ्यानं हातावर विभूती ठेवली, तिनं ती कपाळभर फासली. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "अगं, केवढा हसरा आहे!"

आणखी वर राक्काई अम्मन या देवीचं देऊळ आणि नूपुर गंगेचा झरा. पाणी थंडगार; लोक अंगावरच्या कपड्यांनिशी नहातात, म्हणून कोरडा जोड हवाच. पायऱ्या निसरड्या आहेत. आईला मी पाय धुण्यावर भागवायला लावलं, तर रुसली.

अळगर कोविल उतरताना करायचा बेत होता, तो फसला. दुपारी देऊळ बंद. ताटकळायचं नसेल तर आधी खालचा विष्णू उरका, मग वर जा. अळगर कोविलच्या अठरा पायऱ्यांच्या करुप्पसामीला, म्हणजे तिथल्या राखणदार देवाला, मूर्ती नाही. चंदन फासलेलं बंद दार हाच देव. बाहेर लोकांनी वाहिलेले मोठाले कोयते. प्रसादाला तुपात तळलेला डोसा मिळतो, जाड, उडदाचा, मिऱ्यांनी झणझणीत. एकच घेतलात तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल, आम्ही राहिलो.